म्हाताऱ्यांची साक्ष



कॅनडाच्या पश्चिमेला पॅसिफिक समुद्राची एक चिंचोळी खाडी डोंगरांत सुमारे ८० किलोमीटर आत शिरते. नाव ब्यूट. दोन्हीकडे उभे कडे, टोकाला होमाथको नदी. त्या नदीच्या वरल्या अंगाला चिलकोटिन आदिवासींचा मुलूख.

पलीकडं कॅरिबूला सोनं सापडलं. इंग्रज व्यापारी वॉडिंग्टननं खाडीपासून तिकडं रस्ता काढायला घेतला. आदिवासींना विचारलं कुणी? त्यातच १८६२ साली देवीच्या साथीनं गावं ओस पडली. १८६४ साली चिलकोटिनांनी रस्त्याच्या कामावरची १४ माणसं मारली. रस्ता तिथंच राहिला. इंग्रज सरकारनं पुढाऱ्यांना बोलणीला म्हणून बोलावलं, आले तसे धरले, पाच जणांना फाशी दिली. पुढल्या वर्षी सहाव्याला.

पण जमीन त्यांनी कुणाला लिहून दिली नव्हती. शिकार कुठं, वस्ती कुठं, हे म्हाताऱ्यांनी कोर्टात सांगितलं. २०१४ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं सुमारे १,७०० चौरस किलोमीटरवर त्यांचा हक्क मान्य केला. २०१८ साली पंतप्रधानांनी संसदेत फाशी गेलेल्या सहांना निर्दोष म्हटलं.

आपल्या वनहक्क कायद्यातही वडीलधाऱ्यांचा जबाब पुरावा धरतात. माणसं आहेत तोवर तो लिहून घ्या.