कितवी आलीस?

मैत्रिणींनो, निकालाच्या दिवशी मूल उंबरठ्यात पाऊल टाकतं न टाकतं तोच आपल्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघतो? "कितवी आलीस?" पाण्याचा पेला हातात द्यायच्याही आधी! मी स्वतः शाळेत अर्धवेळ शिकवते. पालकसभेत इतर आयांना "मुलांची तुलना करू नका" असं तोंड वर करून सांगते. आणि घरी आले की माझीही गत तीच. म्हणून आज दुसऱ्या कुणाचं नाही, माझंच सांगते.

माझी धाकटी आठवीत आहे. लहानपणापासून तिच्या हाताला चित्रांचा चाळा. दुधाच्या हिशेबाची वही म्हणू नका, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी म्हणू नका, काही शिल्लक ठेवायची नाही. मग मी तिला चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसवलं. का, तर ती झाली की इंटरमिजिएट देता येते आणि इंटरमिजिएटच्या 'अ' श्रेणीला दहावीत ७ गुण जादा मिळतात, 'ब'ला ५, 'क'ला ३. हिशेब माझा, चित्रं तिची! वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती नि अक्षरलेखन, सगळ्याचा सराव मी समोर घड्याळ ठेवून करून घेतला.

निकाल लागला. 'ब' श्रेणी. मी विचारलं, "आणि 'अ' कुणाकुणाला?"

एवढंच. रागावले नाही, ओरडले नाही. पण त्या दिवसापासून पोरीनं पेन्सिल हातात धरली नाही. रंगांची पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. आधी मला वाटलं, बरं झालं, अभ्यासाला तेवढाच वेळ. मग एकदा महिनाअखेरीला दुधाचा हिशेब करायला वही काढली, तर मागची पानं कोरी! माझ्या पोटात अगदी कालवलं.

समजूत काढायला गेले की ती "काही नाही गं" म्हणून उठून जायची. शेवटी एका रविवारी तिला घेऊन केकी मूस यांच्या घरी गेले. आपलं चाळीसगाव बाहेरच्यांना ठाऊक असतं ते रेल्वे जंक्शन म्हणून. गाडी बदलायची, चहा घ्यायचा नि पुढे जायचं. पण स्टेशनाजवळच हे घर आहे. मूस १९१२ साली मुंबईत जन्मले, विलायतेत जाऊन कला शिकले आणि परत आल्यावर १९८९ साली जाईपर्यंत इथेच राहिले. घराबाहेर पाऊल टाकायचे ते अगदी क्वचित. आता त्या घराचं संग्रहालय झालं आहे. गावात राहून मी तिथे लग्नानंतर एकदाच गेले होते, तेही पाहुणे आले होते म्हणून!

'टेबल टॉप' म्हणजे टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, त्यांवर उजेड असा पाडायचा की फोटोत वेगळंच जग उभं राहावं. मूस यांचं नाव झालं ते अशा छायाचित्रांसाठी. बक्षिसंही त्यांना थोडीथोडकी मिळाली नाहीत, देशातली मिळाली, परदेशातलीही मिळाली. पण घरात फिरताना माझ्या मनात आलं, फोटोंना बक्षिसं मिळत होती तर माणसानं फोटोच काढत राहावं की नाही? ह्यांनी चित्रं काढली, शिल्पं केली, कागदाच्या घड्या घालून वस्तू केल्या. कागदाच्या घड्यांना कोण पहिला नंबर देणार होतं?

अर्थात दाराला कडी लावून पन्नास वर्षं घरात बसा, असं मी कुणाला सांगणार नाही. आपल्याला सकाळी डबे भरायचे असतात.

धाकटी एका फोटोसमोर बराच वेळ उभी होती. मला वाटलं, कंटाळली. तर म्हणाली, "आई, उजेड कुठून आलाय बघ ना. डावीकडून. म्हणून सावली एवढी लांब पडलीय." इतक्या दिवसांत ती माझ्याशी चित्रांबद्दल पहिल्यांदाच बोलली. मी फक्त "हो गं" म्हटलं. ह्या वेळी जीभ आवरली.

आता आमच्याकडे दर रविवारी दुपारी, भांडी आवरली की, स्वयंपाकघराच्या खिडकीत पाट्यावरचा वरवंटा ठेवतो. तोच वरवंटा, तीच खिडकी. दोघी काढतो. हो, मीसुद्धा! चित्राखाली फक्त तारीख घालायची. शेजारणीच्या मुलीचं चित्र मागायचं नाही, आपलंच मागच्या महिन्याचं पान उलटून बघायचं. तुमच्या घरात चित्रं नसतील, पेटी असेल, पोहणं असेल, पाढे असतील, तरी ही तारखांची वही ठेवून बघा. चाळीस पानी वहीचा काय तो खर्च. माझा पहिला वरवंटा दुधीभोपळ्यासारखा आला होता. चौथ्या रविवारी सावली जमली, तर मी एवढी हरखले की कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले! हे म्हणाले, "भाताची श्रेणी कोणती?"

पुढे इंटरमिजिएट द्यायची की नाही, ते तिचं तिनं ठरवावं, असं मी तिला सांगितलं आहे. फॉर्मची तारीख मात्र कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. खोटं कशाला बोलू?

गेल्या रविवारी वही ओट्यावर उघडीच राहिली होती. सासूबाई पाणी प्यायला आल्या. चष्मा पुसून त्यांनी ते पान जवळ धरलं आणि धाकटीला हाक मारली, "अवं, हाऊ ते मना वरवंटा शे!" त्यांच्या लग्नातला तो वरवंटा. एका टोकाचा टवका कधीच उडालेला. धाकटीच्या चित्रात तो टवका होता. माझ्या चित्रात नव्हता. इतकी वर्षं रोज हातात धरूनही तो माझ्या कधी लक्षात आला नव्हता.