चिंधीचं मोल

आमच्या महिला मंडळात गुरुवारी दुपारी सतरंजीवर गोधडीवाल्या बसतात आणि खिडकीखालच्या टेबलाशी कार्डवाल्या. नव्याने आलेल्या बाईला ही दोन वेगळी खाती वाटतात. पण दोन्हीकडचा माल एकच, सुती चिंधी.

आमची कार्डं हातकागदाची असतात, आणि हा हातकागद होतो सुती कात्रणांचा. शिंप्यांकडची, होजिअरी कारखान्यांतली कात्रणं बारीक करून पाण्यात कुटायची, लगदा जाळीवर उचलायचा, दाबून पाणी काढायचं आणि ताव वाळवायचा. त्यासाठी झाड तोडावं लागत नाही. एके काळी जुन्नरचा कागद पेशव्यांच्या दप्तरात चालत असे. पुढे गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली, त्यामागे के. बी. जोशी यांचे कष्ट होते. पुणेकरांनी या वारशाचा अभिमान आणखी मोठ्याने सांगायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

या कागदावर आम्ही टाका घालतो. आधी खाली जुन्या वर्तमानपत्रांची जाड घडी ठेवायची, वर कार्ड उलगडून पसरायचं, पेन्सिलीने पुसट ठिपके द्यायचे आणि सुई सरळ उभी धरून एकेक भोक पाडायचं. दोन भोकांत चार-पाच मिलिमीटर अंतर हवंच. त्याहून जवळ गेलात तर कागद त्या रेषेवरच फाटतो. भरतकामाच्या सहापदरी दोऱ्यातले दोनच पदर घ्यायचे. मागे गाठ मारायची नाही, तिचा फुगवटा पुढून दिसतो. दोऱ्याचं टोक चिकटपट्टीने बसवायचं आणि आतून दुसरा कागद लावून सगळं झाकायचं. आमच्यातल्या एका आजींनी जन्मभर गोधड्या शिवल्या. कार्ड पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘कापडात माया सोडता येते गं, कागदात कुठली? इथे पडलेलं भोक ते पडलंच.’’ आता सगळ्यांत नेटका टाका त्यांचाच असतो. गोधडीचा धावदोरा कडेने सुरू होऊन चौकोनाचौकोनाने आत येतो, तीच नक्षी त्यांनी तळहाताएवढ्या कार्डावर आणली. लाल दोरा, पांढरा कागद, बाकी काही नाही. आमचं सर्वांत देखणं कार्ड ते आहे.

विक्रीच्या दिवशी मात्र जीव तुटतो. लोक कार्ड उलटून किंमत बघतात आणि ‘एवढ्याशा कागदाचे इतके?’ म्हणून खाली ठेवतात. गोधडीचं तर विचारूच नका. ‘जुन्याच साड्या ना?’ असं म्हणून निम्म्यावर मागतात. साडी जुनी असली तरी त्या बाईच्या दुपारी नव्या असतात. दोन माणसांची गोधडी हाताने शिवायला कितीतरी आठवडे जातात, पाठ आणि डोळे दोन्ही लागतात. तिचा भाव चिंधीवरून नव्हे, त्या तासांवरून ठरला पाहिजे. हे मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला बोलून दाखवते.

कार्डाला कुणी क्षुल्लक म्हणू नये. १९७९ साली मुंबईत रिपन कपूर आणि त्यांच्या मित्रांनी पन्नास रुपयांच्या भांडवलावर ‘क्राय’ ही संस्था सुरू केली. मुलांसाठीच्या त्या कामाला पुढे कितीतरी वर्षं शुभेच्छापत्रांच्या विक्रीने हात दिला. घरोघरी टपालाने जाणाऱ्या त्या कागदांत तेवढं बळ होतं.

दिवाळी आली की तुमच्याही भागात असा एखादा गट टेबल मांडेल. तिथे घासाघीस करू नका. परवडेल ते एकच घ्या, पण सांगितलेल्या किमतीला घ्या. आणि कपाट आवराल तेव्हा जुन्या सुती साड्या, धोतरं, चादरी धुऊन त्यांच्याकडे पोचवा. सिंथेटिक मात्र नको, त्याचा हातकागद होत नाही आणि गोधडीला उबही येत नाही.