दुसऱ्या तपासणीची तारीख

नागपूरच्या कळमना बाजारात मिरचीची पोती उतरू लागली की खोकला कोणाचा आणि कशाचा, हे कोणी विचारीत नाही. हवेत तिखटाची धूळ असते. अडत्या खोकतो, हमाल खोकतो, देठ खुडणाऱ्या बायाही खोकतात. दोन आठवडे टिकलेला खोकला क्षयाचा असू शकतो, तेव्हा बेडका तपासून घ्यावा, हा सल्ला अशा ठिकाणी कानावर पडूनही मनावर ठसत नाही. तरी ताप आणि अशक्तपणा माणसाला कधीतरी मेयो किंवा मेडिकलच्या दाराशी नेतात आणि पहिली तपासणी होते. खरा प्रश्न दुसऱ्या तपासणीचा आहे.

नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे, पुढील चार महिने तीन. दोन महिने पुरे होताच बेडका पुन्हा तपासावयाचा, उपचार संपताना आणखी एकदा, आणि त्यानंतर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी प्रकृतीची पाहणी करावयाची, असा राष्ट्रीय कार्यक्रमाचा दंडक आहे. या तारखा कोणा कारकुनाच्या सोयीने ठरलेल्या नाहीत. पहिल्या दोन महिन्यांत बहुतेकांच्या बेडक्यातून जंतू दिसेनासे होतात. तेव्हाही ते दिसले, तर औषध नियमित पोटात गेले नाही किंवा जंतूच औषधाला जुमानीत नाही, अशी शंका घेऊन पुढील चाचणी करावी लागते. हीच शंका पाचव्या महिन्यात आली, तर मधल्या काळात जंतू अधिक चिवट झालेला असतो आणि एका खोलीत निजणाऱ्या लेकरांच्या छातीत तो शिरलेला असण्याचा संभव असतो. निदानाची नवी यंत्रे काही तासांत निकाल देतात हे खरे. परंतु ती मेलेल्या जंतूंचे अवशेषही टिपतात. म्हणून उपचाराची प्रगती पाहण्यास सूक्ष्मदर्शकाची किंवा जंतुसंवर्धनाची तपासणी ठरल्या वेळी करावीच लागते.

आणि नेमक्या याच वेळी रोग्याला बरे वाटू लागलेले असते. ताप गेलेला, भूक परतलेली, पाठीवर पुन्हा पोते चढलेले. हिवाळ्याच्या मध्यात उपचार सुरू झाला, तर दोन महिन्यांची तारीख मिरचीच्या भर हंगामात येते. हमालाची कमाई पोत्यावर. तो रांगेत उभा राहिला की त्याची मजुरी बुडते आणि टोळीतील त्याची जागा दुसरा घेतो. दवाखाना उघडण्याची वेळ तीच बाजाराची वेळ. मग तारीख चुकते आणि नोंदवहीत ‘रुग्ण आला नाही’ असा शेरा पडतो. दोष रोग्याच्या माथी मारून व्यवस्था मोकळी होते.

हा शेरा अन्यायाचा आहे. मद्रासच्या क्षय रसायनोपचार केंद्राने १९५९ मध्ये जगाला दाखवून दिले की, दाटीच्या वस्तीत, अपुऱ्या अन्नावर जगणारा गरीब रोगीही घरी राहून आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होऊ शकतो. मात्र तेथे रोग्याचा पाठपुरावा कसोशीने झाला होता. भारताने औषध घरी देण्याचा धडा घेतला. पाठपुराव्याचा धडा मात्र अर्धवट राहिला. २०२५ हे क्षयनिर्मूलनाचे वर्ष म्हणून घोषित झाले होते. रोग काही घोषणेने गेला नाही. जगातील सुमारे चौथा हिस्सा क्षयरोगी आजही याच देशात आहेत. नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिना हजार रुपये मिळतात, हे स्वागतार्हच आहे. पण ते पोषणाचे पैसे आहेत, बुडालेल्या मजुरीचे नव्हेत.

तेव्हा मागणी साधी आहे. बेडका पहाटेचा सर्वांत उपयुक्त, आणि डबीत घालून तो दुसऱ्यालाही पोचविता येतो. मग हमालाने प्रयोगशाळेकडे का जावे? पहाटे बाजाराच्या आवारातच तो गोळा करण्याची सोय महापालिका व बाजार समिती यांनी मिळून का करू नये? १९६९ च्या माथाडी कायद्याने मालकांकडून मजुरीवर लेव्ही वसूल होते. तपासणीच्या दिवसाची मजुरी त्यातून दिली गेली पाहिजे. ज्यांची नोंद मंडळाकडे नाही, अशा हमालांची आणि बायांची भरपाई शासनाने करावी. रोगाचे नाव टोळीत जाहीर होणार नाही आणि बरा होत असलेल्या कामगाराचे काम जाणार नाही, ही हमीही हवी.

शासन हे आपण होऊन करील, या भ्रमात कार्यकर्त्यांनी राहू नये. हमालाच्या हजेरीची वही ज्यांना वाचता येते, त्यांना त्याच्या तपासणीची तारीखही ध्यानात ठेवता येईल. दोन महिने, सहा महिने आणि पुढील दोन वर्षे: एवढ्या तारखा युनियनच्या कचेरीत, नावाचा बोभाटा न करता, सांभाळल्या गेल्या पाहिजेत. मजुरीच्या दरासाठी झगडणाऱ्या संघटनेने मजुराच्या फुप्फुसांचा हिशेब दुसऱ्यावर सोडू नये.