कागदावरचे भोवरे

गेल्या श्रावणात लेकीबरोबर कोपरगावच्या पुलावर उभा होतो. खाली गोदावरी तांबडी झालेली. खांबाच्या कधी डाव्या, कधी उजव्या कडेने उलटसुलट फिरणारे भोवरे सुटत होते. आमचे काका याच पाण्यात गेले. तेव्हापासून मी नदीत पाय घातलेला नाही.

लेक म्हणाली, "बाबा, हंगेरीच्या कार्माननं १९११ साली याचं गणित मांडलं. भोवरे म्हणजे नुसते बिंदू, खोली धरायचीच नाही. दोन रांगा समोरासमोर ठेवल्या की मोडतात. आलटूनपालटून ठेवल्या, अन् रांगांमधलं अंतर शेजारच्या दोन भोवऱ्यांमधल्या अंतराच्या ०.२८ पट असलं, तरच टिकतात."

(वाचकहो, मी मराठीचा मास्तर, आकडा दोनदा विचारून घेतला.)

"पण काकांना नेलं ते खोलीनंच," मी म्हणालो.

ती बराच वेळ खाली पाहत राहिली.