पुण्याच्या मालकांच्या क्लबनं ३० लाखांना विकलेला गोलकीपर ३ कोटींना कसा गेला? छोट्या फुटबॉल क्लबचं गणित समजून घ्या

आर्सेनलचा गोलकीपर डेव्हिड राया तुम्हाला माहीत असेल. २०२३-२४ च्या प्रीमियर लीगमध्ये त्यानं १६ सामन्यांत गोल होऊ दिला नाही आणि गोल्डन ग्लोव्ह जिंकला. पण हा राया आर्सेनलपर्यंत पोचला कसा, त्यात एक पुणे कनेक्शन आहे.

राया सोळाव्या वर्षी स्पेनहून इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबच्या अकॅडमीत आला. ब्लॅकबर्नचे मालक म्हणजे आपल्या पुण्याचे वेंकीज, तेच चिकनवाले. २०१९ मध्ये ब्लॅकबर्ननं राया विकला, साधारण ३० लाख पौंडांना. घेणारा क्लब होता लंडनचा ब्रेंटफर्ड. तिथे तो चार वर्षं खेळला. मग ब्रेंटफर्डनं तो आर्सेनलला दिला. लोनचे ३० लाख आणि कायमच्या खरेदीचे २ कोटी ७० लाख, म्हणजे एकूण ३ कोटी पौंड. एका पौंडाचे ११५-१२० रुपये धरून हिशोब तुम्हीच करा.

खेळाडू तोच, भाव दहापट. यात रायाची मेहनत आहेच. पण एक छोटा क्लब खेळाडू घेताना, सांभाळताना आणि विकताना नेमका काय विचार करतो, तेही यात आहे. ब्रेंटफर्ड आणि ब्लॅकबर्न शेजारी ठेवले की ते नीट दिसतं.

२०१० मध्ये कोण कुठे होतं?

नोव्हेंबर २०१० मध्ये वेंकीजनं ब्लॅकबर्न विकत घेतला, सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना. तेव्हा ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमध्ये होता. साधासुधा क्लब नाही, १९९४-९५ चा चॅम्पियन. ब्रेंटफर्ड त्या वेळी तिसऱ्या स्तरावर, म्हणजे लीग वनमध्ये खेळत होता. मैदानाच्या चारही कोपऱ्यांवर पब, हीच त्याची ओळख.

वेंकीज आले आणि महिन्याभरात मॅनेजर सॅम अलार्डाइस यांना काढलं. टीम तेव्हा तेराव्या नंबरवर होती, काही आग लागलेली नव्हती. २०१२ मध्ये ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्या सामन्यात चिडलेल्या चाहत्यांनी मैदानात जिवंत कोंबडी सोडली होती.

पुढच्या हंगामात मॅनेजर बदलायचा सपाटाच लागला. हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकले. त्यांच्याशी करार मात्र तीन वर्षांचा केला होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि क्लबला साडेबावीस लाख पौंड मोजावे लागले. त्यानंतर आलेले मायकेल ॲपलटन ६७ दिवस टिकले. २०१७ मध्ये ब्लॅकबर्न तिसऱ्या स्तरावर घसरला. प्रीमियर लीग जिंकून इतका खाली गेलेला तो पहिला क्लब. पुढच्याच वर्षी तो दुसऱ्या स्तरावर परत आला, पण प्रीमियर लीगचं दार काही उघडलं नाही.

ब्रेंटफर्ड मात्र २०१४ मध्ये दुसऱ्या स्तरावर आणि २०२१ मध्ये प्रीमियर लीगमध्ये गेला. ७४ वर्षांनी.

यात एक गैरसमज आधीच दूर करू. वेंकीजनं पैसे घातले नाहीत, असं अजिबात नाही. आजवर त्यांनी क्लबमध्ये घातलेली रक्कम २० कोटी पौंडांच्या वर असल्याचं सांगितलं जातं. म्हणजे अडचण पैशाची नव्हती, तो कसा वापरला याची होती.

पहिला नियम: पगार मालकाच्या खिशातून नको

फुटबॉल क्लबचा सगळ्यात मोठा खर्च खेळाडू विकत घेण्याचा वाटतो, पण खरा मोठा खर्च पगाराचा असतो. खरेदी एकदा होते, पगार दर आठवड्याला द्यावा लागतो.

इंग्लंडच्या दुसऱ्या स्तराच्या लीगला चॅम्पियनशिप म्हणतात. डेलॉइटच्या अहवालांनुसार इथल्या क्लबांचा एकूण पगारखर्च काही हंगामांत एकूण उत्पन्नाच्या १०० टक्क्यांच्या वर गेलाय. घरात येतात शंभर रुपये आणि त्याहून जास्त नुसत्या पगारात जातात. वीज, प्रवास, मैदान हे सगळं वेगळंच. असं का करतात? कारण प्रीमियर लीगमध्ये गेलं की टीव्हीचे कोट्यवधी पौंड मिळतात. 'एकदा वर गेलो की सगळं फिटेल' असं म्हणत सगळेच धावतात, पण वर जातात फक्त तीन क्लब.

मधला खड्डा मालक भरतो. तो भरेल तोपर्यंत ठीक. पण उद्या त्याला पैसे पाठवताच आले नाहीत तर? ब्लॅकबर्नचं हेच झालं. २०२३ मध्ये वेंकीजचे पैसे भारतातून इंग्लंडला पाठवण्याचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात गेला. काही काळ प्रत्येक रकमेसाठी कोर्टाची परवानगी लागत होती. क्लबला बजेट कापावं लागलं. जानेवारी २०२४ च्या खिडकीत त्यांनी ॲडम व्हार्टन हा आपल्याच अकॅडमीत घडलेला मिडफिल्डर क्रिस्टल पॅलेसला विकला. त्याच सुमारास मॅनेजर यॉन डाल टोमासन यांनीही क्लब सोडला.

याहून वाईट उदाहरण बरी या क्लबचं आहे. १८८५ चा क्लब, दोन वेळा एफए कप जिंकलेला. डिसेंबर २०१८ मध्ये तो चक्क एका पौंडाला विकला गेला. खेळाडूंचे पगार थकले होते, तरी २०१९ मध्ये त्याच खेळाडूंनी टीमला वरच्या लीगमध्ये नेलं. आणि ऑगस्टमध्ये पैशांची हमी देता न आल्यानं क्लबला लीगमधून काढून टाकलं. मैदानावर जिंकलेला क्लब वहीवर हरला.

म्हणून छोट्या क्लबनं तिकीट, टीव्ही, जाहिरात या दरवर्षी येणाऱ्या पैशात पगार बसवायचा. आणि करारातच दोन गोष्टी लिहायच्या: वर गेलो तर बोनस, खाली गेलो तर पगारात कपात.

दुसरा नियम: जिथे गर्दी नाही तिथे खरेदी

ब्रेंटफर्डचे मालक मॅथ्यू बेनहॅम लहानपणापासून या क्लबचे चाहते. त्यांची स्मार्टऑड्स नावाची कंपनी फुटबॉलच्या आकडेवारीवर चालते. क्लबचे फुटबॉल डायरेक्टर फिल जाइल्स तर संख्याशास्त्रातले पीएचडी.

आकडे वापरतात म्हणजे काय करतात? क्रिकेटचं उदाहरण घेऊ. एका बॅट्समननं ५० केल्या, पण त्याचे तीन कॅच सुटले होते. दुसरा २० वर अफलातून कॅचमुळे आउट झाला. स्कोअरकार्ड पहिल्याला भारी म्हणेल, पण सामना पाहिलेला माणूस कदाचित दुसऱ्याला घेईल. फुटबॉलमध्ये 'एक्सपेक्टेड गोल्स' हे असंच माप आहे. किती गोल झाले यापेक्षा गोलच्या किती चांगल्या संधी तयार झाल्या, ते मोजायचं. ज्याचं नशीब सध्या साथ देत नाही, पण संधी बरोबर तयार होतायत, तो खेळाडू स्वस्तात मिळतो.

ओली वॉटकिन्स त्यांनी चौथ्या स्तरावरच्या एक्झिटरकडून १८ लाख पौंडांना घेतला. ब्रायन एम्बूमो फ्रान्सच्या ट्रॉयकडून सुमारे ५८ लाखांना आणला. मोठे क्लब जिथे डोकावत नाहीत, अशा जागा. आणि खेळाडू तरुण, म्हणजे भाव वाढायला वाव असलेले.

तिसरा नियम: घेतानाच विकायचं ठरवून ठेवा

आपल्याला हा सगळ्यात कडू वाटतो. आवडता खेळाडू विकायचा? पण छोट्या क्लबकडे तो कायम राहत नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं. प्रश्न एवढाच, तो पैसे देऊन जाणार की फुकट?

फुटबॉलमध्ये करार संपला की खेळाडू मोकळा होतो आणि जुन्या क्लबच्या हाती काहीच येत नाही. ब्लॅकबर्ननं बेन ब्रेरेटन डियाझवर सुमारे ७० लाख पौंड खर्च केले होते. २०२१-२२ मध्ये त्यानं लीगमध्ये २२ गोल केले, तेव्हा त्याला भाव होता. पण करार संपला आणि २०२३ मध्ये तो स्पेनच्या व्हियारेआलला फुकटात गेला. त्याच्या आदल्या वर्षी जो रॉथवेल, डॅरा लेनिहन आणि रायन न्यांबे हे तिघं असेच गेले होते.

आता रायाकडे परत येऊ. २०२३ मध्ये ब्रेंटफर्डबरोबरचा त्याचा करारही संपत आला होता. क्लबनं आधी त्याचा करार वाढवून घेतला आणि मगच त्याला आर्सेनलला लोनवर पाठवलं. म्हणून पुढच्या वर्षी २ कोटी ७० लाख हातात पडले. एका सहीची किंमत!

हिशोबाच्या वहीतही हे दिसतं. समजा, खेळाडू १ कोटीला घेतला आणि करार पाच वर्षांचा आहे. क्लबच्या वहीत दरवर्षी २० लाख खर्च पडतो. तीन वर्षांनी त्याची वहीतली किंमत ४० लाख उरते. तेव्हा ९० लाखांना विकला, तर ५० लाख नफा. अकॅडमीतल्या मुलाची वहीतली किंमत जवळपास शून्य, म्हणून व्हार्टनसारख्या खेळाडूची विक्री म्हणजे जवळजवळ पूर्ण नफा. चॅम्पियनशिपमध्ये तीन वर्षांत मिळून ३ कोटी ९० लाख पौंडांहून जास्त तोटा केला तर पॉइंट कापले जाऊ शकतात, त्यामुळे हा नफा फार मोलाचा.

चौथा नियम: जाणाऱ्याच्या आधी येणारा तयार हवा

वॉटकिन्स २०२० मध्ये २ कोटी ८० लाखांना ॲस्टन व्हिलाला गेला. त्याच्या जागी पीटरबरोचा आयव्हन टोनी आला आणि त्यानं पहिल्याच हंगामात लीगमध्ये ३१ गोल केले. टोनी २०२४ मध्ये सौदीच्या अल अहलीला गेला, पण त्याची जागा घेणारा इगोर थियागो काही महिने आधीच ठरलेला होता. राया जायच्या आधीही मार्क फ्लेकन हा दुसरा गोलकीपर येऊन बसला होता.

खरी परीक्षा २०२५ च्या उन्हाळ्यात झाली. कोच थॉमस फ्रँक टॉटनहॅमला गेले. एम्बूमो साडेसहा कोटींना मँचेस्टर युनायटेडला, योआन विसा साडेपाच कोटींना न्यूकॅसलला. कॅप्टन क्रिश्चियन नॉर्गार्ड आर्सेनलला. अनेकांनी ब्रेंटफर्ड बुडणार असं लिहून टाकलं. क्लबनं बाहेरून मोठं नाव आणलं नाही, सेट पीसचे कोच कीथ अँड्र्यूज यांनाच बढती दिली. सप्टेंबरमध्ये ब्रेंटफर्डनं एम्बूमोच्याच युनायटेडला ३-१ हरवलं. त्यातले दोन गोल थियागोचे. ऑक्टोबरमध्ये लिव्हरपूललाही ३-२ नं हरवलं.

मग ब्रेंटफर्डचं सगळंच बरोबर?

नाही. बेनहॅम यांनी स्वतःचे कोट्यवधी पौंड घातलेत, हे विसरून चालणार नाही. रिकाम्या खिशानं हा क्लब उभा राहिलेला नाही. थियागोवर सुमारे ३ कोटी पौंड लावले आणि पहिला जवळजवळ पूर्ण हंगाम तो दुखापतीत बसला. २०१६ मध्ये त्यांनी अकॅडमीच बंद केली, कारण मोठे क्लब नाममात्र भरपाई देऊन मुलं उचलत होते. पुढे २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू करावी लागली. उलट वाईट दिवसांतही अकॅडमी टिकवली ती ब्लॅकबर्ननं. व्हार्टन तिथूनच आला, हे श्रेय द्यायलाच हवं.

फरक असा की ब्रेंटफर्डचा एखादा डाव चुकला तरी क्लब हलत नाही, कारण सगळं एकाच डावावर लावलेलं नसतं.

आपल्याला याचं काय?

पुण्याचाच हिशोब बघा. आय-लीगमध्ये खेळलेला पुणे एफसी २०१५ मध्ये बंद झाला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये बाहेर पडला. आयएसएलमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. मोठ्या उद्योगांची नावं मागे असूनही चार वर्षांत एका शहरातले तीन क्लब संपले. मालकाचा हात आखडला की क्लब संपतो, हे आपल्याला ब्लॅकबर्नकडून शिकायची गरजच नव्हती.

आपल्याकडे खेळाडू विकून कोट्यवधी मिळत नाहीत, हे खरंय. पण काही गोष्टींना कोट्यवधी लागत नाहीत. प्रत्येक खेळाडूशी लेखी करार करा आणि तो संपायच्या आधी निर्णय घ्या. खेळाडू देताना पुढच्या विक्रीतला हिस्सा लिहून घ्या. एक्झिटरनं हेच केलं होतं, म्हणून वॉटकिन्स व्हिलाला गेला तेव्हा त्यांनाही पैसे मिळाले. आणि पोरांची नोंदणी, कागदपत्रं नीट ठेवा. फिफाच्या नियमानुसार खेळाडू पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर त्या रकमेतला ५ टक्क्यांपर्यंतचा हिस्सा त्याला १२ ते २३ व्या वर्षांत घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो. ज्या क्लबकडे नोंदच नाही, त्याला तो मागता येत नाही.

तेव्हा तुमच्या गावातला क्लब पुढच्या वेळी मोठा खेळाडू आणल्याचं पोस्टर लावेल, तेव्हा लाइक करा, शेअर करा. आणि कमेंटमध्ये एवढं विचारा: याचा पगार कुठून येणार, आणि करार किती वर्षांचा आहे?