खिडकी बदलण्याआधी तिची दिशा पाहा

खिडक्या बदलायच्या ठरल्या की घरी फॅब्रिकेटर येतो, टेप लावून मापे टिपून घेतो आणि सेक्शनचे नमुने पुढे ठेवतो. दोन ट्रॅक की तीन, काच पाच एमएम की सहा, पावडर कोटिंग पांढरे की तपकिरी, चौरस फुटाला दर काय आणि त्यात जीएसटी धरला आहे का, यावर तासभर बोलणे होते. खिडकी कोणत्या दिशेला आहे, तिच्यावर ऊन किती वाजता येते आणि किती वेळ ठाण मांडते, हे मात्र बहुतेक वेळा विकणाराही विचारत नाही आणि घेणाराही सांगत नाही. महाराष्ट्रातल्या घराला खिडकी निवडताना पहिला प्रश्न हाच हवा. काच, चौकट आणि दर यांची पाळी त्यानंतरची.

उष्णता खिडकीतून घरात शिरते ती दोन वाटांनी. बाहेरची हवा तापलेली आणि आतली गार असली की काच आणि चौकट यांच्यातून उष्णता हळूहळू आत झिरपते. दुसरी वाट थेट उन्हाची. ऊन काचेतून आरपार येते, फरशी, पलंग, समोरची भिंत तापवते आणि ती उष्णता खोलीतच अडकते. वीज वाचवणारी म्हणून ज्या दुहेरी काचेची जाहिरात होते, म्हणजे दोन काचांमध्ये हवेचा बंद थर असलेली, ती पहिली वाट चांगली अडवते. दुसऱ्या वाटेवर साध्या दुहेरी काचेचा फारसा उपयोग होत नाही.

आकडे मांडले की फरक लक्षात येतो. मुंबईत एप्रिलच्या दुपारी बाहेर ३४ अंश आहेत आणि एसी लावलेल्या खोलीत २५, असे धरू. या नऊ अंशांच्या फरकामुळे एकेरी साध्या काचेच्या एका चौरस मीटरमधून साधारण ५० वॉट उष्णता आत येते. दुहेरी काच बसवली की ती निम्म्यावर येते. पण तीच खिडकी पश्चिमेची असेल आणि तिच्यावर थेट ऊन असेल, तर उन्हाबरोबर चौरस मीटरला ४०० वॉटपर्यंत, कधी त्याहूनही जास्त उष्णता आत येते. साधी दुहेरी काच त्यातला जेमतेम आठवा-दहावा हिस्सा कमी करते. दोन चौरस मीटरची खिडकी म्हणजे ८०० वॉट. एक टनाचा एसी पूर्ण जोर लावून सुमारे साडेतीन हजार वॉट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे त्याची जवळजवळ पाव ताकद त्या एका खिडकीपायीच खर्ची पडते.

दुहेरी काच वाईट आहे, असा याचा अर्थ नाही. ती ज्या हवेसाठी घडली तिथे ती फार गुणाची आहे. टोरांटोच्या जानेवारीत घराच्या आत-बाहेर वीस अंशांचा, कधी त्याहून मोठा फरक दिवसरात्र टिकून असतो आणि खिडकीतून येणारे ऊन तिथे हवेहवेसे वाटते. अमेरिकेत खिडकीवर लावलेल्या लेबलवर दोन्ही आकडे छापलेले असतात: उष्णता किती झिरपते आणि ऊन किती आत येते. तिथल्या एनर्जी स्टार योजनेचे निकषही उत्तरेच्या थंड राज्यांना वेगळे आणि फ्लोरिडासारख्या उष्ण राज्यांना वेगळे आहेत. तिथल्या ग्राहकाला एकाच देशात दोन उत्तरे मिळतात. आपल्याकडे मात्र 'युरोपियन टेक्नॉलॉजी' एवढ्या शब्दांवर विदर्भापासून कोकणपट्टीपर्यंत एकच माल खपतो.

आता दिशेकडे वळू. शून्य सावलीचा दिवस वर्तमानपत्रांमुळे घरोघरी माहीत झाला आहे. मेच्या मध्यावर मुंबई-पुण्यात आणि महिना संपता संपता नागपुरात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्यानंतर जुलैपर्यंत तो थोडा उत्तरेकडेच असतो. म्हणून ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीवर थेट ऊन जवळजवळ पडतच नाही. एप्रिलमध्ये जे पडते ते इतके उभे असते की हात-दीड हात रुंदीचा छज्जाही पुरतो. दक्षिणेच्या खिडकीला उन्हाळ्याच्या नावाखाली महागडी काच बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे. खरा त्रास पश्चिमेचा. मेमध्ये संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून २५-३० अंशच वर असतो आणि ऊन छज्ज्याखालून तिरके आत येते. तिथे उभी आड हवी: बाहेरून बांबूची चिक, झिलमिलीची झडप, कापडी छत्री, जाळी किंवा झाड. आड बाहेरूनच हवी, कारण आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावर त्याला अडवतो. पांढऱ्या पडद्याने थोडे ऊन परत जाते, बाकीची उष्णता खोलीतच राहते.

मुंबईतल्या एका इमारतीने याचे फार सुंदर उत्तर दिले आहे. कंबाला हिलवरची कांचनजंगा ही चार्ल्स कोरिया यांची २८ मजली इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. समुद्राचा वारा आणि देखावा हवा तर घरे पश्चिमेला उघडायला हवीत, पण दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा येतो तोही पश्चिमेकडूनच. कोरियांनी काचेवर भिस्त ठेवली नाही. त्यांनी राहण्याच्या खोल्या मागे सरकवल्या आणि पुढे दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या ठेवल्या. जुन्या बंगल्याभोवतीचा व्हरांडा त्यांनी उंच इमारतीत नेला. मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारतींच्या खिडक्यांवर सलग धावणारे छज्जेही हेच काम करतात. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांची पारदर्शक नव्हे पण उजेड झिरपू देणारी तावदाने असत. त्यांनी प्रखर ऊन मऊ होऊन आत यायचे.

आणि आपण काय केले? बाल्कनी आत घेतली. हॉल पाच फुटांनी वाढला, बाहेरच्या कडेला भिंतभर स्लायडिंग बसले आणि खोलीवरची सावली गेली. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, कुठल्याही वसाहतीत मान वर करून पाहावे, मजल्यामागून मजले असेच बंद झालेले दिसतात. ज्या बाल्कनीने आतली काच उन्हापासून वाचवली असती तिचीच काच झाली. मग त्या काचेवर फिल्म येते, जाड पडदा येतो, शेवटी एसी येतो. घरात मुलांसाठी, आजीसाठी जागा कमी पडते तेव्हा बाल्कनीचा मोह होतो, हे खरे आहे. पण पश्चिमेची बाल्कनी बंद करणे हा घरावर केलेला अन्याय आहे आणि तो दर उन्हाळ्यात सोसावा लागतो. ज्यांनी ती अजून बंद केलेली नाही, त्यांनी ती तशीच ठेवावी.

उन्हाखालोखाल प्रश्न वाऱ्याचा. दोन झडपांची स्लायडिंग खिडकी कितीही सरकवली तरी निम्मीच उघडते. बिजागरीची खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते. ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये आणलेल्या 'इको निवास संहिते'त हाच हिशेब आहे: बिजागरीची खिडकी ९० टक्के, दोन झडपांची स्लायडिंग ५० टक्के. तिसऱ्या ट्रॅकवर काच असेल तर ६७ टक्के, पण आपल्याकडे त्या ट्रॅकवर मच्छरजाळी बसते आणि हिशेब पुन्हा ५० वर येतो. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत घराच्या चटईक्षेत्राच्या एक षष्ठांश इतकी उघडणारी जागा हवी, असे ही संहिता सांगते. ६० चौरस मीटरच्या घराला बाल्कनीची दारे धरून दहा चौरस मीटर. आपापल्या घरात टेप लावून पाहिले तर स्लायडिंगच्या घरांपैकी फार थोडी या परीक्षेत टिकतील. दमट हवेत अंगावरून वाहणारा वारा हाच गारवा असतो आणि आपण तो स्वतःच अर्धा केला आहे. शिवाय बिजागरीची झडप गॅस्केटवर दाबून बसते, त्यामुळे कोकणातल्या पावसात स्लायडिंगच्या ट्रॅकमधून येते तसे पाणी तिच्यातून सहज येत नाही. अडचण ग्रिलची असते. चौकटीलगत गज घेऊन झडप विरुद्ध बाजूला उघडायची, ही जुन्या घरांतली सोय आजही चालते.

एवढे झाल्यावर काच. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून आड लावणे शक्यच नसेल, तर ऊन परतवणारा लेप असलेली काच घ्यावी. दुकानात दोन आकडे मागावेत. पहिला एसएचजीसी, म्हणजे उन्हातली किती उष्णता आत येते. साध्या काचेला तो ०.८ च्या आसपास असतो, चांगल्या लेपाच्या काचेला ०.३ किंवा त्याहून कमी. दुसरा, उजेड किती येतो. नुसती काळी किंवा निळी काच घेऊ नये. ती स्वतः तापते आणि खोली अंधारी करून भरदिवसा दिवे लावायला लावते. हे आकडे कंपनीच्या तांत्रिक पत्रकात असतात. जो विक्रेता ते दाखवत नाही, त्याच्याकडून 'एनर्जी सेव्हिंग' म्हणून जादा दर देऊन काच घेऊ नये.

पैशाचा हिशेबही करावा. पश्चिमेच्या त्या दोन चौरस मीटरच्या खिडकीवर रोज तीन तास ऊन असेल तर सुमारे अडीच युनिट उष्णता आत येते. ती उपसायला एसीला पाऊण युनिटच्या आसपास वीज लागते. दहा रुपयांचा दर धरला तर दिवसाला सात रुपये. चिक लावली तर यातला मोठा भाग वाचतो आणि चिकेचा खर्च काही हजारांतला. साध्या दुहेरी काचेने मुंबईत दिवसाला दोन रुपयेही वाचत नाहीत. बिल कमी होईल म्हणून मुंबईकराने घरभर दुहेरी काच बसवली तर ते पैसे सुटायला आयुष्य पुरणार नाही. रस्त्याचा गोंगाट अडवायला ती घ्यावी, रेल्वेलगतच्या घराला तर जरूर घ्यावी, पण कारण तेच ठेवून.

नागपूर, चंद्रपूर, अकोल्याची गोष्ट निराळी. तिथे बाहेर ४४ अंश आणि आत २६ म्हणजे फरक दुप्पट होतो, दिवसभर टिकतो, लू वाहते आणि खिडकी बंदच ठेवावी लागते. तिथे लेपाची दुहेरी काच, घट्ट गॅस्केट आणि उष्णता न वाहणारी चौकट यांना अर्थ आहे. ॲल्युमिनियममधून उष्णता लाकडापेक्षा कितीतरी, हजारपटीच्या घरात, सहज वाहते. म्हणून तिथे यूपीव्हीसी किंवा मधोमध प्लास्टिकची पट्टी घातलेले ॲल्युमिनियम पाहावे. आणि जुनी सागवानी चौकट धड असेल तर ती भंगारात देऊ नये. सुताराकडून रंधून घ्यावी, बिजागऱ्या बदलाव्यात, तावदान नवे बसवावे. अशा लाकडाची चौकट आज नव्याने घ्यायला गेले तर परवडत नाही.

दारांचे थोडक्यात. फ्लॅटचे मुख्य दार लॉबीत उघडते, तिथे ऊर्जेच्या नावाखाली महाग दार घेण्याची गरज नाही. एसीच्या खोलीच्या दाराखालची फट रबरी पट्टीने बंद करावी. बाल्कनीचे काचेचे दार ही प्रत्यक्षात घरातली सर्वांत मोठी खिडकी असते, तिला खिडकीचेच सगळे नियम लावावेत.

एकेका घराच्या शहाणपणाला सोसायटीची मर्यादा पडते. अनेक सोसायट्या इमारतीचे रूप बिघडते म्हणून बाहेरून चिक किंवा कापडी छत लावू देत नाहीत. त्यांनी वार्षिक सभेत एक रंग, एक नमुना ठरवून पश्चिमेच्या सगळ्या घरांना परवानगी द्यावी. मोठी संधी पुनर्विकासात आहे. वाढीव चौरस फूट, पार्किंग, कॉर्पस आणि भाडे यांवर महिनोन्महिने घासाघीस होते आणि करारातल्या सोयींच्या यादीत खिडकीपुरते 'पावडर कोटेड ॲल्युमिनियम स्लायडिंग' एवढेच उरते. त्या ओळीच्या जागी चार गोष्टी लिहून घ्याव्यात: बिजागरीच्या झडपा, पूर्व-पश्चिमेच्या प्रत्येक खिडकीला बाहेरची आड, काचेचा एसएचजीसी आकड्यात, आणि संहितेप्रमाणे उघडणाऱ्या क्षेत्राचा तक्ता वास्तुविशारदाच्या सहीने. नकाशे महापालिकेत मंजुरीला जाण्याआधी हे मागितले तर बिल्डरला ते आराखड्यात बसवता येते. चौकटी भिंतीत बसल्यावर मागितले तर तो खर्च प्रत्येक घराला स्वतः करावा लागतो.