पिंपावरचा पत्ता

पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्याहून भुशी धरणाकडे जाणारा रस्ता गाड्यांनी तुंबतो. वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून रेल्वेने बांधलेलं हे धरण आता भिजायला येणाऱ्यांच्या ताब्यात गेलं आहे. भाजलेली कणसं, कांदाभजी, पायऱ्यांवरून सांडणारं पाणी आणि हजारो मोबाइल. याच रस्त्याला नौदलाच्या ‘आयएनएस शिवाजी’ची हद्द लागते. फेब्रुवारी १९४५ पासून इथे जहाजांची इंजिनं शिकवली जातात, एवढं गावाला ठाऊक असतं. त्याच आवारात एनबीसीडी नावाची आणखी एक शाळा आहे. अणुहल्ला, जैविक हल्ला किंवा विषारी वायूचा हल्ला झाला तर जहाज आणि माणसं कशी वाचवायची, हे नौसैनिक तिथे शिकतात. २०१९ मध्ये तेव्हाचे नौदलप्रमुख ॲडमिरल करमबीर सिंह यांच्या हस्ते तिथे ‘अभेद्य’ या प्रशिक्षण केंद्राचं उद्घाटन झालं. गोवा शिपयार्डने बांधलेल्या या केंद्रात अशा हल्ल्यासारखीच परिस्थिती उभी करून सराव घेतला जातो.

मावळातच, सुदुंबऱ्याला, एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे. दरड कोसळली, पूर आला की हे जवान धावतात, हे महाराष्ट्राने माळीणपासून पाहिलं आहे. रासायनिक हल्ल्यातला बचाव हाही त्यांच्या प्रशिक्षणाचा भाग आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

तोंडावर मुखवटा कसा चढवायचा हे शिकवणाऱ्या संस्था एकट्या मावळात दोन. पण विषारी वायू ज्या मालातून तयार होतो, तो माल विकतं कोण? या प्रश्नाचा माग काढत गेलं तर तो महाराष्ट्राच्याही दारात येतो. आणि तिथे आपण गप्प बसतो.

इराण-इराक युद्ध १९८० ते १९८८ चाललं. सद्दाम हुसेनच्या इराकशी लढणाऱ्या इराणी सैनिकांवर मस्टर्ड वायू वापरला गेल्याची खात्री संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी मार्च १९८४ मध्येच दिली होती. तरीही २८ जून १९८७ रोजी इराणच्या सरदश्त शहरावर वायूचे बॉम्ब पडले. १६ मार्च १९८८ रोजी इराकमधल्याच हलब्जा या कुर्दी गावावर पडले, तेव्हा सुमारे पाच हजार माणसं मेली. सरदश्तचे कित्येक लोक आजही खोकत, डोळे चोळत जगत आहेत. मस्टर्ड वायू फुप्फुसांचा आणि डोळ्यांचा पिच्छा आयुष्यभर सोडत नाही.

या वायूचा कच्चा माल इराकमध्ये पिकत नव्हता. समारा इथल्या कारखान्याची यंत्रसामग्री पश्चिम जर्मनीच्या कार्ल कोल्ब आणि तिच्याशी संबंधित कंपनीकडून गेली. रसायनं जगभरातून गेली. इराकने पुढे संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या माहितीच्या आधारे जे आकडे प्रसिद्ध झाले, त्यांत सिंगापूर ४,५१५ टन, नेदरलँड्स ४,२६१ टन, इजिप्त २,४०० टन आणि पश्चिम जर्मनी १,०२७ टन अशी यादी आहे. इजिप्त आणि जर्मनीच्या मध्ये आणखी एक देश आहे. भारत, २,३४३ टन. त्यातले २,२९२ टन एकाच कंपनीच्या नावावर आहेत. एक्सोमेट प्लास्टिक्स. ही कंपनी नंतर ईपीसी इंडस्ट्रीचा भाग झाली, आणि ईपीसी हे नाव महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला माहीत आहे ते नाशिकच्या ठिबक सिंचनामुळे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. त्या काळी ही निर्यात भारतीय कायद्याने गुन्हा नव्हती, आणि त्या कंपनीच्या आजच्या मालकांचा या व्यवहाराशी संबंध नाही. पण कायद्यात बसणारी प्रत्येक गोष्ट विसरण्यालायक ठरत नाही. जर्मनीत, नेदरलँड्समध्ये, अमेरिकेत या पुरवठ्यावर वर्षानुवर्षं लिहिलं गेलं, खटले चालले, संसदेत प्रश्न विचारले गेले. मराठीत ही चर्चा जवळजवळ झालीच नाही.

व्यापाऱ्याचा ठरलेला बचाव असा असतो की रसायन दुहेरी उपयोगाचं होतं. ते खोटंही नाही. मस्टर्ड वायूचा कच्चा माल असलेलं थायोडायग्लायकॉल बॉलपेनच्या शाईत आणि कापडाच्या रंगाईत लागतं. इतर विषारी वायूंना लागणारी कित्येक रसायनं कीटकनाशकांच्या आणि औषधांच्या कारखान्यांत रोज वापरली जातात. पण मागणी किती टनांची आहे, हे कुणी बघायचं? युद्धात होरपळणाऱ्या देशाला अचानक शेकडो टन शाईचा कच्चा माल का लागावा, हा प्रश्न पडायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. फिलिप्स पेट्रोलियमच्या बेल्जियममधल्या कारखान्याने १९८३ मध्ये एका डच दलालामार्फत पाचशे टन थायोडायग्लायकॉल विकलं. ते इराकला पोचलं. पुढच्या वर्षी तोच दलाल तेवढीच मागणी घेऊन पुन्हा आला, तेव्हा कंपनीला संशय आला आणि तिने व्यवहार थांबवला. म्हणजे विचारणाऱ्याला कळत होतं. उशिरा का होईना, कळत होतं.

भारताच्या बाबतीत गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे, कारण इथे सरकारी कंपनीचंही नाव निघालं. १९८९ च्या उन्हाळ्यात अमेरिकी वृत्तपत्रांनी बातमी दिली. वडोदऱ्याच्या ट्रान्सपेक कंपनीचं थायोनिल क्लोराइड, एका जर्मन दलालामार्फत आणि केंद्र सरकारच्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या हातून, इराणला चाललं होतं. युद्ध थांबून तेव्हा वर्षही उलटलं नव्हतं. म्हणजे ज्या देशातून इराकला माल गेला, त्याच देशातून आता इराणलाही. तीन वर्षांनी, १९९२ मध्ये, युनायटेड फॉस्फरसने सीरियाला पाठवलेल्या ट्रायमिथाइल फॉस्फाइटचा मुद्दा अमेरिकेने भारताकडे उपस्थित केला. हे रसायन कीटकनाशकांत खरोखरच लागतं. आणि सरिन वायूच्या साखळीतही त्याला जागा आहे, म्हणूनच ते आज आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आहे.

अमेरिकेने दुसऱ्याकडे बोट दाखवावं, यात अर्थातच विनोद आहे. बाल्टिमोरच्या अल्कोलॅक कंपनीनेही थायोडायग्लायकॉल विकलं होतं आणि १९८९ मध्ये गुन्हा कबूल केला होता. ब्रिटनच्या सरकारलाही २०१४ मध्ये मान्य करावं लागलं, की ऐंशीच्या दशकात ब्रिटिश कंपन्यांची रसायनं सीरियाला गेली होती. हात कुणाचेच कोरडे नाहीत. मात्र ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी ते संसदेला सांगितलं, आणि फरक तिथेच आहे.

सरकारला आपल्या पोतडीतलं बाहेर काढणं जमत नाही असंही नाही. रासायनिक अस्त्रांवरच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १४ जानेवारी १९९३ रोजी सही केली. करार लागू झाल्यावर १९९७ मध्ये भारताने जाहीर केलं, की आपल्याकडे १,०४४ टन मस्टर्ड आहे. आदल्या काही वर्षांत असं काही आपल्याकडे नाहीच, असा सूर लावल्यानंतरची ही कबुली होती, म्हणून ती अवघड होती. आंतरराष्ट्रीय निरीक्षकांच्या देखरेखीखाली तो सगळा साठा २००९ पर्यंत नष्ट झाला. जगातला अखेरचा घोषित साठा अमेरिकेने जुलै २०२३ मध्ये संपवला, त्याच्या चौदा वर्षं आधी भारत मोकळा झाला होता. या कामाबद्दल देशाची पाठ थोपटायला हरकत नाही.

कायदेही आले. २००० मध्ये रासायनिक अस्त्र करार कायदा झाला, २००५ मध्ये सामूहिक संहाराच्या अस्त्रांविरुद्धचा कायदा झाला. निर्यातदारांच्या तोंडी आता ‘स्कोमेट’ हे नियंत्रित वस्तूंच्या यादीचं नाव रुळलं आहे. या यादीतली वस्तू बाहेर पाठवायची तर आधी परवाना, आणि परवान्यासाठी माल शेवटी कोण, कशासाठी वापरणार याचं प्रमाणपत्र. जानेवारी २०१८ मध्ये भारत ‘ऑस्ट्रेलिया ग्रुप’मध्येही गेला. इराकच्या वायूचा धक्का बसल्यावर १९८५ मध्ये अशा रसायनांच्या विक्रीला लगाम घालण्यासाठी एकत्र आलेल्या देशांचा हा गट. नोव्हेंबर २०२४ मध्ये रासायनिक अस्त्रांवरचा करार राबवणाऱ्या हेगच्या ओपीसीडब्ल्यू संस्थेने आपला वार्षिक पुरस्कार मुंबईच्या इंडियन केमिकल कौन्सिलला दिला. रासायनिक उद्योगाच्या संघटनेला हा मान प्रथमच मिळाला. कौन्सिलची मदतवाहिनी सदस्य कंपन्यांना कराराची कागदपत्रं भरायला मदत करते, आणि तिचा ‘नाइसर ग्लोब’ हा उपक्रम रस्त्यावरच्या रसायनांच्या टँकरांवर नजर ठेवतो.

ती नजर किती गरजेची आहे, हे लोणावळ्याला वेगळं सांगायला नको. १३ जून २०२३ रोजी द्रुतगती मार्गावर कुणे पुलाजवळ रसायनाचा टँकर उलटून पेटला आणि चौघांचा जीव गेला. रसायनी, पाताळगंगा, रोहा, महाड इथल्या कारखान्यांतला माल बोरघाट चढून वर येतो आणि वरचा खाली उतरतो. हा धंदा आपल्या अंगणातूनच चालतो.

प्रश्न उरतो तो कौन्सिलसारख्या संघटनेच्या बाहेरच्यांचा. मोठ्या कंपनीकडे नियमांसाठी वेगळा अधिकारी असतो, वकील असतो, बुडणाऱ्या नावाची भीती असते. दोन खोल्यांच्या कार्यालयातून, स्वतःचा कारखाना नसताना, इकडचा माल तिकडे पाठवणाऱ्या व्यापाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. त्याच्यापुढे ईमेलवर आलेली मागणी आणि आगाऊ रक्कम एवढंच असतं. दुबईचा पत्ता दिसला की त्याच्या लेखी ग्राहक दुबईचा. इराकला सर्वाधिक माल पोचवणारी कंपनी सिंगापूरच्या पत्त्यावर होती आणि तिचे धागे संयुक्त अरब अमिरातीत होते, हा इतिहास त्याला कुणी सांगितलेला नसतो.

आणि कारखान्यात नेमकं काय शिजतं, हे तरी यंत्रणेला कळतं का? फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्याच कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोन या अमली पदार्थाचं उत्पादन उघड झालं. ते कारखान्याच्या तपासणीत सापडलं नाही. पुण्यातल्या विक्रेत्यांना पकडून पोलिस माग काढत तिथे पोचले. अमली पदार्थ आणि रासायनिक अस्त्रं यांचा थेट संबंध नाही, पण तपासणी करणारा माणूस दोन्ही ठिकाणी सारखाच अपुरा आहे.

बंदरावर मात्र डोळे उघडे ठेवल्याची उदाहरणं ताजी आहेत. जानेवारी २०२४ मध्ये न्हावा शेवा बंदरात चीनहून कराचीला निघालेल्या जहाजावरून इटालियन बनावटीचं सीएनसी यंत्र उतरवून घेतलं गेलं. पाकिस्तानच्या शस्त्रकार्यक्रमाला ते जाईल, असा संशय होता. त्याच वर्षी मे महिन्यात तमिळनाडूच्या काटुपल्ली बंदरात, एका चिनी कंपनीने रावळपिंडीला धाडलेलं सुमारे अडीच हजार किलो रसायन अडवलं गेलं. ते अश्रुधुरात वापरलं जातं आणि नियंत्रित यादीत आहे. पाकिस्तानला जाणारी खेप अडवण्यात आपली यंत्रणा हुशार आहे, हे चांगलंच. आपल्याकडून निघणाऱ्या खेपेकडेही ती त्याच संशयाने बघते का, याची परीक्षा मात्र पत्रकार परिषदेत होत नाही.

परदेशात ही परीक्षा न्यायालयात झाली. फ्रान्स फान आनराट हा डच व्यापारी इराकला हजार टनांहून अधिक थायोडायग्लायकॉल पुरवत होता. १९८९ मध्ये तो इटलीत पकडला गेला, सुटला, इराकला पळाला आणि २००३ मध्ये अमेरिकी सैन्य बगदादला पोचल्यावर मायदेशी परतला. हल्ल्याचा हुकूम आपण दिला नव्हता, असाच त्याचा पवित्रा होता. डिसेंबर २००५ मध्ये न्यायालयाने त्याला युद्धगुन्ह्यांतला साथीदार ठरवून १५ वर्षांची शिक्षा दिली. पुढच्या अपिलांत ती वाढून साडेसोळा वर्षांवर स्थिरावली. वंशसंहारातल्या साथीच्या आरोपातून त्याची सुटका झाली, पण आपला माल कुठे जातो आहे हे त्याला माहीत होतं, हे न्यायालयाने मानलं. ही गोष्ट गेल्या शतकाबरोबर संपली असंही नाही. २०१९ मध्ये बेल्जियमच्या अँटवर्पमध्ये तीन कंपन्यांना परवान्याशिवाय आयसोप्रोपेनॉल सीरियाला पाठवल्याबद्दल दोषी ठरवलं गेलं.

आपल्याकडे चाळीस वर्षांपूर्वीच्या व्यवहारांबद्दल कुणाला तुरुंगात घाला, असं म्हणण्यात अर्थ नाही. तेव्हा गुन्हाच नव्हता, तर शिक्षा कशाची? पण मागणी आली तेव्हा सरकारी कंपनीतल्या अधिकाऱ्याने टिपणात काय लिहिलं, खरेदीदाराबद्दल काय विचारलं, परराष्ट्र खात्याला कळवलं का, हे जाणून घेण्यात पुष्कळ अर्थ आहे. आजच्या परवाना अधिकाऱ्याला आणि औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या निर्यातदाराला शिकवायला याहून चांगला धडा सापडणार नाही. स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी आहे, म्हणून ती माहिती अधिकाराच्या कक्षेत येते. त्या कायद्याच्या कलम ८(३) प्रमाणे वीस वर्षांहून जुन्या बाबींना व्यापारी गुपिताचं कारण पुढे करता येत नाही. १९८९ ची फाइल शिल्लक असेल तर ती मागायला एक अर्ज आणि दहा रुपयांचं शुल्क पुरतं.